कप्तानाच्या मापाचा युनिफॉर्म

छावणीच्या फाटकासमोर दुकान असलेल्या टेलरमास्तरांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांचे युनिफॉर्म शिवण्यात घालवला. एक तरी आपल्या घरच्या खुंटीला लागावा, एवढीच त्यांची हौस. थोरल्याला म्हणून तर ते पाळण्यातल्यापासून 'कप्तान' म्हणत आले. पोरगाही तसाच निघाला. धावायला लागला की कुणाच्या हाती लागत नसे, आणि छाती अशी की शर्टाची बटणं रडकुंडीला यावीत. मास्तरांनी भरतीआधीच त्याच्या मापाचा युनिफॉर्म शिवून टाकला.

घरची रीत ठरलेली होती. कप्तानाला नवं कापड, आणि त्याला ते आखूड झालं की उसवून धाकटीला. धाकटी दुकानात काजंबटणं करायची. ती कधी कुरकुरली नाही, त्यामुळे रीत झकास आहे असंच मास्तर समजून होते.

भरतीच्या कचेरीत हवालदाराने कप्तानाची उंची पाहिली, छाती पाहिली, खूश झाला. मग कागद पाहिले.

"अरे, बारावीचं गणित राहिलंय की तुझं! ते सुटलं की ये."

"साहेब, गोळी झाडायला गणित कशाला?" मास्तर कळवळले.

"ती कुठे पडणार ते कळायला."

धाकटी सोबत आली होती. तिने विचारलं, "मुलींना काय लागतं?"

"तेच."

"माझं सुटलंय. चांगल्या मार्कांनी."

मास्तर खो खो हसले. हवालदार हसला नाही. त्याने तिला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं.

मग घरात देवाणघेवाण सुरू झाली. सकाळी कप्तान बहिणीला मैदानावर पळवून तिचा घाम काढायचा आणि दुपारी ती कापड बेतायच्या टेबलावर गणितं मांडून त्याचा. गणिताशी त्याचा छत्तीसचा आकडा, तरी पठ्ठ्या नेटाने बसायचा. मास्तर मशीन चालवता चालवता देवाला साकडं घालायचे, फक्त कप्तानासाठी.

निकाल लागले. कप्तानाचं गणित थोडक्यात पुन्हा राहिलं. धाकटीची निवड झाली.

मास्तरांना रडावं की नाचावं कळेना. शेवटी त्यांनी खुंटीवरचा युनिफॉर्म काढला, टेबलावर पसरला आणि सवयीने कात्रीचं टोक खांद्याच्या शिवणीत घातलं.

"बाबा, काय करताय?" धाकटीने विचारलं.

"खांदे आत घेतो, बाह्या आखूड करतो. संध्याकाळपर्यंत तुझ्या मापाचा होईल."

"तो दादाचा आहे. तो परत परीक्षेला बसतोय." तिने कात्रीवर हात ठेवला. "मला नवा शिवा."

मास्तरांचा हात तिथेच थांबला. साध्या तीन शब्दांनी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नवं कापड काढलं, गळ्यातली टेप हातात घेतली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की साऱ्या छावणीची मापं घेतली, पण या पोरीचं माप कधी घेतलंच नाही. तिचं सगळं दादाच्या कपड्यावरून, अंदाजाने.

"सरळ उभी राहा गं," ते म्हणाले.

कप्तान पेन्सिल घेऊन पुढे सरसावला. "सांगा बाबा, आकडे मी लिहितो."

"लिही. पण तिला दाखवून घे," मास्तर म्हणाले आणि डोळे पुसून त्यांनी टेप धाकटीच्या खांद्यावर धरली.