फेलेतीजवळ उरलेला शब्द

"मालो," म्हणत फेलेतीने डाव्या हाताने चहाचा पेला दूर सारला. थोडा चहा चटईवर सांडला.

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. ते आमच्या बेटावरच्या गावात नुकतेच बदलून आले होते. वयाने तरुण, आणि आजाऱ्यांच्या भेटीला निघाले की या घरी हमखास थांबायचे. आम्ही दोघी-तिघी बायका सोबत होतो. आमच्याकडे वळून ते म्हणाले, "बघितलंत? देवाने याचे सगळे शब्द नेले, पण उपकार मानायचा 'मालो' तेवढा ठेवला."

त्याची बायको लोसालिने चटई पुसत होती. "साखर नाही म्हणून शिव्या देतोय तो, पाळकसाहेब," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बंद केलीय ना."

"बाई, तुम्ही पण..."

"मी पण काय? त्यालाच विचारा."

फेलेतीने पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि दात-ओठ खात म्हणाला, "मालो."

आम्ही हसलो. पाळकसाहेबही हसले, पण पायरी उतरताना त्यांनी डोळे पुसलेच.

माझं घर फेलेतीच्या कुंपणाला लागून. फेलेती जंगलखात्याच्या रोपवाटिकेत कामाला होता. पिशव्यांत माती भरायची, पाइनची रोपं वाढवायची, ती डोंगरावर लावायला पाठवायची, यात त्याचं आयुष्य गेलं. दुपारनंतर स्वतःच्या तुकड्यात अळू आणि कोनफळ. रविवारी कधी कधी देवळात उपदेश करायचा, पण त्यात काही खास नव्हतं, लोक पेंगायचे. त्याची खरी ख्याती जेवणाआधीच्या प्रार्थनेची. साधा उकडलेला नीरफणस समोर असला तरी तो डोळे मिटून देवाचे उपकार मानायला बसायचा आणि लवकर उठायचा नाही. टाकीत पाणी आहे, त्याबद्दल. गुडघे अजून वाकतात, त्याबद्दल. कोंबडी शेजाऱ्याकडे अंडी घालत होती ती आता आपल्याकडे घालते, त्याबद्दल. ही शेजारीण मी, म्हणून ते मला नीट आठवतं. लोसालिने एका डोळ्याने ताटाकडे आणि एका डोळ्याने नवऱ्याकडे बघत असायची.

"देवाला ठाऊक आहे आपल्या घरात काय काय आहे ते," ती म्हणायची. "तू काय त्याला मोजून दाखवतोस?"

"त्याला ठाऊक आहे गं. मला विसरायला होतं."

त्यांना एकच मुलगी, वासिती, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. प्रार्थना चालू असताना ती हळूच हात पुढे करून बापाच्या ताटातला माशाचा तुकडा उचलायची, आणि तो मिटल्या डोळ्यांनी म्हणायचा, "आणि प्रभू, आमच्या घरातल्या चोराबद्दलही तुझे उपकार." वासिती मोठी झाली, लग्न करून ऑकलंडला गेली. तिथे ती वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम करायची. दर शनिवारी फोन यायचा.

लोसालिने स्वतः कधी मोठ्याने प्रार्थना करायची नाही. तिच्या माहेरची माणसंच कमी बोलणारी. देवळात बायकांच्या सभेत तिची पाळी आली की ती शेजारणीला कोपराने ढोसायची.

फेलेती झटका येऊन अळूच्या वाफ्यात पडला तेव्हा तिलाच तो सापडला. बोटीने त्याला मोठ्या बेटावरच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. काही दिवसांनी परिचारिकेने तोंड पुसलं तेव्हा तो स्पष्ट म्हणाला, "मालो." सगळे रडले. लोसालिनेने देवळात नवी चटई दिली. आता हळूहळू बाकीचं बोलणंही येईल, असं सगळ्यांना वाटलं. ते आलं नाही. तहान लागली तरी मालो, माशी बसली तरी मालो, नको असलं तरी मालो. आमच्याकडे कुणी काही हातात दिलं की माणसं जो शब्द बोलतात, तेवढा एकच त्याच्या तोंडात अडकून राहिला.

सुरात फरक असायचा. तो लोसालिनेला कळायचा, मला थोडा कळायचा, बाकीच्यांना कळायचा नाही. आणि बाकीच्यांना तो कळून घ्यायचाही नव्हता.

जानेवारीत, वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याकडे रोज उपासना असते. त्यातल्या उपकारस्तुतीच्या दिवशी पाळकसाहेबांनी फेलेतीची चाकांची खुर्ची पुढे न्यायला लावली. "आपल्याला निरोगी शरीर असून तोंडातून कुरकुर निघते," ते म्हणाले. "या भावाचं ऐका." फेलेती म्हणाला, "मालो." मग पुन्हा म्हणाला. आवाज चढत गेला. देवळातली माणसं हुंदके देऊ लागली. मागच्या बाकावर लोसालिने माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "त्याची लुंगी ओली झालीय. घरी ने म्हणतोय." आणि उठून, भरल्या देवळातून चालत जाऊन, तिने देवळात जाताना आम्ही कमरेला गुंडाळतो ती आपली चटई सोडून त्याच्या मांडीवर घातली आणि खुर्ची बाहेर ढकलत आणली. लोकांना वाटलं, तिलाही भरून आलं असेल.

त्यानंतर लोक त्याला बघायला यायला लागले. कोनफळं आणायचे, त्याच्यापुढे बसायचे, शब्द ऐकून जायचे. लोसालिने आलेल्याला चहा द्यायची.

"तू सांगत का नाहीस त्यांना?" मी एकदा विचारलं.

"काय सांगू? त्यांना बरं वाटतं. आणि कोनफळं चांगली असतात."

पावसाळा सरत आला होता, तेव्हा ऑकलंडहून जावयाचा फोन आला. वार शनिवार नव्हता, म्हणून लोसालिनेने आधी आज वार कोणता तेच विचारलं. वासिती कामाला निघाली होती. बसथांब्यावर तिला चक्कर आली, ती बाकावर बसली आणि तशीच गेली.

मी तिथेच होते. लोसालिनेने फोन खाली ठेवला, भांड्याखालचा जाळ विझवला, हात धुतले आणि फेलेतीसमोर जाऊन बसली.

"फेलेती, आपली वासिती गेली."

"मालो?" त्याने विचारलं.

"हो. आज सकाळी."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग डाव्या हाताची मूठ चटईवर आपटत म्हणू लागला, मालो, मालो, मालो, इतक्या जोराने की रस्त्यावरची माणसं आत आली. त्यांत एक म्हातारी होती. ती हात जोडून म्हणाली, "केवढा हा विश्वास." लोसालिनेने तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

पेटी विमानाने आली आणि मग बोटीने आमच्या बेटावर आली. समुद्र खवळलेला होता. जावई सेमिसी पेटीला धरून डेकवर बसून आला, भिजून चिंब. घरात पांढऱ्या कापडावर पेटी ठेवली. वासितीची आत्या रिवाजाप्रमाणे उशाशी बसली. आम्ही सगळ्या काळ्या कपड्यांत, कमरेला दुखवट्याच्या जुन्या फाटक्या चटया गुंडाळून. एकेक जण वाकून वासितीच्या कपाळाचं चुंबन घेत होता. फेलेतीला खुर्चीतून उतरवून पेटीजवळ बसवलं. त्याने डावा हात तिच्या गालावर ठेवला आणि हलक्या आवाजात सुरू केलं. मालो. मालो. लहान मुलाला शाळेसाठी उठवतात, तसा सूर होता तो.

पाळकसाहेब पवित्र शास्त्र उघडून उभे होते. ते वाईट मनुष्य नव्हते, हे मला सांगायलाच हवं. ते म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, आज मी काय उपदेश करू? उपदेश इथे चालला आहे. एकुलत्या एका मुलीच्या पेटीपाशी बसून हा पिता देवाचे उपकार मानतो आहे."

"पाळकसाहेब, थांबा."

मयताच्या घरी आई मध्ये बोलत नाही. लोसालिने तर कुठेच बोलत नसे. ती उभी राहिली नव्हती, फक्त मान वर केली होती.

"तो उपकार मानत नाहीये," ती म्हणाली. "तो तिला ऊठ म्हणतोय. ऊठ गं, ऊठ आता, असं म्हणतोय. मघापासून तेवढंच चाललंय त्याचं."

"आणि काल दिवसभर तो देवाला जे बोलला, ते मला कळलंय. ते मी इथे सांगणार नाही. पण ते उपकार नव्हते. त्याला जरा माणसासारखा रडू द्या."

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. मला वाटलं ते बाहेर जातील. पण ते पुढे आले, फेलेतीशेजारी जमिनीवर बसले आणि तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने गायनमंडळाने गीत सुरू केलं, ते संपलं, आणि आम्ही वासितीला नेलं.

त्या दिवसानंतर फेलेतीने तो शब्दही सोडला. तहान लागली तर तो पाण्याकडे बघायचा, बस. बघायला येणारे हळूहळू बंद झाले. ताट वाढल्यावर दोघं सवयीने थोडी थांबायची, मग काहीच न बोलता खायला लागायची. लोसालिने मला म्हणाली, "घास तोंडात फिरतो. इतकी वर्षं याच्या प्रार्थनेला वैतागले, आणि आता घास खाली उतरत नाही."

पाळकसाहेब एकदा आले. दारातच म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मला हवं तेच मी ऐकत होतो."

"बसा," ती म्हणाली. चहा झाला. जेवायची वेळ होत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "मी प्रार्थना करू?"

"नको. या घरात ती तोच करायचा." मग त्यांना वाईट वाटलेलं पाहून म्हणाली, "तुम्ही येत जा, पण."

वासितीच्या थडग्यावर पांढरी वाळू पसरून झाली, काळे गोटे तेल लावून रचून झाले, सेमिसी परत गेला. एका संध्याकाळी माझ्या भावाला मासे बरे मिळाले होते, म्हणून मी भाजलेला एक मासा घेऊन तिच्याकडे गेले. फेलेतीला भिंतीला टेकवून बसवलं होतं, पुढ्यात ताट होतं. तिने माझ्या हातातला मासा घेऊन त्यात ठेवला. मी निघणार, तोच ती डोळे मिटून बोलायला लागली. मी दारात थांबले.

"देवबापा," ती म्हणाली. "मला हे येत नाही. हा सगळं सांगायचा तुला. मी ऐकायचेसुद्धा नाही." तिने मिटल्या डोळ्यांनीच ताट चाचपलं. "मासा आला आहे. शेजारणीने आणला. त्याबद्दल. हा दुपारी नीट झोपला, त्याबद्दल."

फेलेतीने डोळे मिटले नव्हते. तो तिच्याकडे बघत होता.

"तू केलंस ते मला पटलेलं नाही. ते मी पटलं म्हणणार नाही." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "पण ती आमच्याकडे होती. इथेच बसून जेवायची. ती होती तेव्हा मी तुला एकदाही म्हटलं नाही. मला वाटायचं, हा म्हणतो आहे ना." तिने ओठ आवळले. "ती होती, त्याबद्दल."

आमेन तिच्याने म्हणवलं नाही. मीही म्हटलं नाही. मला तो अधिकार वाटला नाही. फेलेतीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात वर येत नव्हता, कारण त्या एका चालत्या हाताने त्याने तिचं मनगट धरलं होतं. तिने ते सोडवून घेतलं नाही. दुसऱ्याच हाताने, सावकाश, ती त्याच्यासाठी माशाचे काटे काढायला लागली.