चंदानं पात धरली

भर रोवणीत चंदा कंबर धरून उभी राहिली, तशी सगळी टोळी थांबली. पोंभुर्ण्याकडच्या त्या शिवारात धानाची रोवणी म्हटली की पहिली पात, लावणीची पहिली ओळ, चंदाची. ती पुढं सरकली की बाकीच्या बायका तिच्या मागं ओढल्या जायच्या. आज मात्र तिच्या मांड्या दगड झाल्या होत्या.

शेजारच्या सोनीबाईनं कारण लगेच ओळखलं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना चंदाच्या छातीत कळ आली होती. चंद्रपूरला नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हापासून कोलेस्टेरॉलची गोळी रोजची झाली होती.

"त्या गोळीनंच पाय गेले तुहे. आमच्या घरच्यानं कवाच सोडली. काई झालं नाई त्यायले."

ही गोळी पूर्वी गावात एखाद्या मास्तराच्या घरी असायची. आता कुडाच्या घरातही तिची पाकिटं दिसत. पण जरा बरं वाटलं, की लोक ती परस्पर बंद करत.

घरी वारलूनं, तिच्या नवऱ्यानं, वेगळंच धरलं. बायकोला जीपमध्ये आडवी घालून नेलेली ती दुपार त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. गोळी घे अन् रोवणी सोड, एवढंच त्याचं म्हणणं. चंदाला दोघांचंही पटेना. दुसऱ्या दिवशी ती एकटीच चंद्रपूरच्या एसटीत बसली.

"गोळी मी सोडली नाई, मॅडम. पण पाय मले सोडून जाऊन राह्यले," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "मले जित्तं राहाचं बी हाय अन् रोवणी बी कराची हाय. दोन्ही जमवून द्या."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. लोक न सांगता गोळी टाकतात आणि पुन्हा कळ आल्यावरच येतात, असं त्या म्हणाल्या. त्यांनी रक्त तपासलं, ती गोळी काही दिवस थांबवली, मग दुसरी, कमी ताकदीची सुरू केली.

तो हंगाम चंदानं बांधावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या बांधत काढला. डोळे मात्र पातीवर. हिवाळ्यात ती जंगलातून सरपणाची मोळी घेऊन आली, तेव्हा पाय दुखायचे थांबलेत हे तिला घरी पोचल्यावर उमगलं. रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. चंद्रपूरच्या पुढच्या फेरीला तिनं सोनीबाईच्या नवऱ्याला, गुणवंतरावांना, सोबत ओढून नेलं. ते कुरकुरत गेले आणि गोळी घेऊन परतले.

पुन्हा पावसाळा लागला. बायकांनी तिच्यासाठी कडेची सोपी पात ठेवली होती. चंदानं लुगडं खोचलं, ती सरळ पहिल्या पातीवर गेली आणि वाकली. बोटं चिखलात बुडत होती, निघत होती, हिरवी ओळ उभी राहत होती. वारलू शेताच्या कडेला धुऱ्यावर बसला होता. थोड्या वेळानं तो निर्धास्त उठून बैलांकडं गेला.

"जरा हळू वं बाई," मागून सोनीबाई धापा टाकत म्हणाली.

चंदानं मागं पाहिलं नाही. तिच्या हातातली पेंढी संपली होती.

"पऱ्हे आणा," ती म्हणाली, आणि वाकल्या वाकल्याच तिनं रिकामा हात मागं केला.