बोल्लम्माअक्कांचा परवाना

सोमवारपेटच्या आमच्या रुग्णालयातला सर्व्हर बारा वर्षांचा झाला होता. तो अडकला की त्याची देखभाल करणाऱ्या बोल्लम्माअक्का म्हैसूरहून चार तास बसने यायच्या, पडद्यावरचं वाचून दोन बटणं दाबायच्या आणि परत जायच्या. तोवर रक्तपेढीची यादी बंद. मी तिथला कारकून. शिव्या मला बसायच्या.

शेवटी अक्काच वैतागल्या. "सोमण्णा, याच्या पाठीमागच्या या जोडणीतून मला घरबसल्या पडदा दिसू शकतो. मशीन बंद असलं तरी. पण परवान्याची किल्ली टाकल्याशिवाय ती सोय उघडत नाही, आणि कंपनी म्हणते, एवढ्या जुन्या मॉडेलचा परवाना आता मिळत नाही."

आमचे व्यवस्थापक उत्तप्पा हसले. "नेटवर फुकट किल्ल्या पडल्यात, बाई. टाका एखादी."

"चोरीची किल्ली दवाखान्याला लावणार नाही. खरेदीतच परवाना घेतला असेल. कागद शोधू."

तीन दिवस आम्ही कोठीतली खोकी उपसली. मी हात टेकले होते. चौथ्या दिवशी, सर्व्हरसोबत आलेल्या, न वापरलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या खोक्यात तळाला एक बंद पाकीट सापडलं. आत पंचवीस अक्षरांची किल्ली!

अक्कांनी ती टाकली. नाकारली गेली.

"झालं समाधान?" उत्तप्पा म्हणाले.

अक्का कारण शोधू लागल्या. त्या जोडणीची आतली प्रणालीच जुनाट होती. टप्प्याटप्प्याने त्यांनी ती नवी केली आणि तिसऱ्या टप्प्यानंतर किल्ली लागली. मग पासवर्ड बदलून, बाहेरच्या कुणाला आत शिरता येणार नाही अशी वेगळी तार जोडूनच त्या उठल्या.

जुलैत घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. त्याच सकाळी सर्व्हर मेला आणि बाळंतिणीच्या खोलीतून नर्स धावत आली, "ओ निगेटिव्ह आहे का? लवकर!"

मी म्हैसूरला फोन लावला.

"कशाला हात लावू नका," अक्का म्हणाल्या. "दिसतंय मला. एक डिस्क गेलीय. दुसरीवरून उठवते."

समोर काळ्या पडद्यावर अक्षरं सरकत होती आणि कळफलकावर कुणाचंच बोट नव्हतं. उत्तप्पा माझ्या खांद्यामागे उभे होते. नवव्या मिनिटाला यादी उघडली. दोन पिशव्या शिल्लक होत्या. नर्स पळाली.

"अक्का, झालं!" मी ओरडलो.

"फोन ठेवू नका. उरलेली डिस्क किती दिवस टिकेल ते बघतेय," त्या म्हणाल्या. "आणि नवीन डिस्क आजच मागवा."