आधी माप, मग कात्री

मी माप घ्यायची टेप बोलतेय. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते ना, तीच. रंग एके काळी पिवळाधमक होता, आता कसला आहे ते विचारू नका. माझ्यासमोर भल्याभल्यांनी पोट आत ओढलेलं आहे, तेव्हा माणसांच्या मोठेपणाच्या गोष्टी मला सांगू नयेत. मी कमरेभोवती आले की श्वास रोखायचा आणि सुटले की हळूच सोडायचा, हे लहानथोर सगळेच करतात. मग कपडा घट्ट झाला की शिवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पट्ट्यातून आम्हा बहिणींना कापलं, अंगावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या चढवल्या. दुकानात काचेमागे गुंडाळी होऊन पडले होते, तेव्हा एका तरुण बाईने मला उचललं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "ताणली तर वाढत नाही ना? मला खोटं बोलणारी टेप नको." ती माझी पहिली मालकीण. पुढे घरात सगळे तिला आई म्हणू लागले, म्हणून मीही आईच म्हणते.

तिच्या लेकीला दात येत होते तेव्हाची गोष्ट. पोरगी हाताला लागेल ते तोंडात घालायची. एके दिवशी मी तिच्या तावडीत सापडले. टोपी निखळली आणि माझा पहिला इंच चावून चावून त्याचा पार चोथा झाला. दुसरी कुणी असती तर मला केरात टाकून मोकळी झाली असती. आईने तेवढा तुकडा कात्रीने सरळ कापला आणि म्हणाली, "शून्य गेलं तर गेलं. आपण एकापासून मोजू." तेव्हापासून मला लावून मोजलं की आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा असतो. ही गोम घरच्यांनाच ठाऊक. जावयाने एकदा न विचारता मला नेऊन फळीसाठी कोनाडा मोजला, आणि सुताराकडून फळी इंचभर लांब कापून आणली. ती फळी शेवटपर्यंत तिरकीच बसली होती.

लेक मोठी झाली, मशीनवर बसू लागली आणि आईच्या गळ्यातून मी तिच्या गळ्यात आले. आईने तिला एकच धडा पुन्हा पुन्हा गिरवायला लावला होता, "आधी माप, मग कात्री." एखादी बाई घाईघाईने म्हणाली, "अंदाजाने शिवून टाका हो," की लेक तिला अडवायची. "अंदाजाने शिवलेलं अंगाला टोचतं. या, उभ्या राहा." आणि तिची स्वतःची एक समजूत होती. माप घेतलेलं गिऱ्हाईक कधी परत जात नाही, म्हणायची. एकदा टेप लावली की काम आपलं.

राहायला होतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तिचं खाली उतरणं बंद झालं. दिवसभर खिडकीशी बसायची. जावई माल पोचवणारी गाडी चालवायचा. संध्याकाळी दमून आला की तिला विचारायचा, "काय म्हणतो रस्ता?"

"काय म्हणणार, जावईबापू? वरून माणसांची नुसती डोकी दिसतात. टक्कल कुणाला पडतंय तेवढं कळतं. कॉलर कशी बसलीय, खांदा कुठे ओढतोय, काही दिसत नाही. आयुष्यभर कपडे शिवले आणि आता कपडेच दिसेनात."

ते ऐकून लेकीने ठरवलं की तळमजल्यावर घर घ्यायचं. रस्त्याकडे खिडकी असलेलं. आईला खुर्चीत बसून समोरून जाणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजेत. एवढं एकच तिला हवं होतं.

घर दाखवणारा एजंट बरा माणूस होता. पहिल्या भेटीतच त्याने विचारलं, "ताई, बँकेची पूर्वमंजुरी घेतलीय का? म्हणजे तुम्हाला किती कर्ज मिळेल त्याचं पत्र. ते आधी असलं की बरं."

"अहो, घर तर पसंत पडू द्या," जावई हसला. "मुलगी बघायच्या आधी कुणी हॉल बुक करतं का?"

लेकही हसली, पण हसता हसता तिची बोटं माझं तुटकं टोक गुंडाळत-उलगडत राहिली. तिची कमाई सगळी रोखीतली. गिऱ्हाइकांनी हातावर ठेवायची, हिने डब्यात टाकायची. बँकेत कुणी काही विचारलं तर दाखवायला कागदाचा कपटा नव्हता. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचं माप द्यायची लाज वाटत होती. मला तिचा रागही आला आणि कीवही आली.

मग ते घर दिसलं. तळमजला, दारासमोर फरसबंदी, आणि समोरच्या खोलीला अशी ऐसपैस खिडकी की रस्ताच आत आल्यासारखा वाटावा. लेक खोलीच्या मधोमध उभी राहिली. गळ्यातून मला काढलं आणि खिडकीला लावलं. आडवी, मग उभी. एजंट म्हणाला, "ताई, अजून बोलणी व्हायची आहेत." ती आपल्याच नादात आकड्यातून एक वजा करत होती.

घरी येऊन तिने आईला खिडकीचं वर्णन करून सांगितलं. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "बँक काय म्हणाली?"

"जाऊ की गं या आठवड्यात."

"म्हणजे बाजारात तुरी," आई म्हणाली. पण डोळे चमकले होते. तिने ट्रंक उघडायला लावली. तळाशी निळ्या रेघांचं एक जाड कापड होतं, कधीतरी चांगल्या कामासाठी म्हणून जपलेलं. दोघी मायलेकींनी ते जमिनीवर पसरलं आणि लेकीने कात्री लावली. आयुष्यभर जिने मापाआधी कात्रीला हात लावला नाही, तिने खिडकीचं माप घेतलं आणि आपलं स्वतःचं घ्यायचं विसरली. बँकेत जायचा दिवस आज-उद्या करत पुढे ढकलत राहिली. पडदे मात्र झपाट्याने शिवून होत होते.

फोन आला तेव्हा आई दुसऱ्या पडद्याला हातशिलाई घालत होती.

"ताई, ते घर गेलं," एजंट म्हणाला. "काल एक जोडपं आलं. बँकेचं पत्र हातात घेऊनच आले होते. मालक म्हणाला, यांचं पक्कं आहे, मी थांबू कशाला? मी तुमच्यासाठी बोललो हो. पण माझ्या हातात दाखवायला काय होतं?"

लेक फोन धरून तशीच बसली. जावई येरझाऱ्या घालत म्हणाला, "माझंच चुकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." आईने सुई कापडात खोचून ठेवली. मग लेकीच्या गळ्यातलं माझं तुटकं टोक दोन बोटांत धरून म्हणाली, "हिचा पहिला इंच तू खाल्लास, तेव्हा हिला टाकली का मी? ऊठ. एकापासून मोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बँकेत गेली. सवयीने मीही गळ्यातच राहिले. काचेच्या टेबलापलीकडे एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी कमाई विचारली. लेकीने जी सांगितली ती ऐकून मीच दचकले. ती चांगल्या महिन्याची होती, सगळ्या महिन्यांची नव्हती. तिने पोट आत ओढलं होतं.

बँकेतल्या बाईंची नजर माझ्यावर गेली. "शिवता का तुम्ही? मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं. गिऱ्हाइकाने श्वास रोखून माप दिलं तर काय होतं?"

"घट्ट होतं," लेक हळूच म्हणाली.

"हप्त्याचंही तेच आहे. आत्ता छान दिसेल, नंतर दर महिन्याला टोचेल. मोकळा श्वास घ्या आणि खरं सांगा."

लेकीने श्वास सोडला. मला तो सबंध जाणवला. मग तिने सगळं खरं सांगितलं, मंदीचे महिने, उधारी बुडवणारी गिऱ्हाइकं, सगळं. बाईंनी समजावलं की आता कमाई खात्यात भरत चला, काही महिने ती नीट दिसू द्या, नवऱ्याच्या पगाराचे कागद जोडा, मग आम्ही पत्र देऊ. आणि साधारण किती मिळेल त्याचा अंदाजही दिला. तो अंदाज ऐकल्यावर लेकीने त्या खिडकीवाल्या घराची किंमत मनातल्या मनात त्याच्याशेजारी ठेवून पाहिली. ते घर तिच्या मापाचं कधी नव्हतंच. आधी विचारलं असतं तर ती दुसऱ्याच, लहान घरांच्या दारात उभी राहिली असती.

"आम्ही अंथरूण न बघताच पडदे शिवले," ती बाईंना म्हणाली, आणि दोघी जरा हसल्या. घरी परतल्यावर जिना चढताना मात्र ती मधल्या मजल्यावर थांबून रडली.

ते महिने कसे सरले ते मीच जाणे. लेक प्रत्येक कमाई खात्यात भरून यायची. आई खिडकीशी असायची, पण बाहेर कमी बघायची. जेवणात लक्ष नव्हतं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना ती हातशिलाई घालायची, तिचे टाके मोठे मोठे पडायला लागले होते. लेक ते रात्रीचं उसवून पुन्हा घालायची आणि सकाळी आईला म्हणायची, "किती बारीक टाका आहे गं तुझा अजून."

पत्र आलं तेव्हा लेकीने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ठरावीक मुदतीपर्यंत अमुक कर्जाला पूर्वमंजुरी, असं काहीतरी. आईला त्यातलं एवढंच कळलं की आता कुणी पुढे घुसणार नाही. "मग मला नवा गाऊन शिव," ती म्हणाली. "तळमजल्यावर सगळ्यांना मी पूर्ण दिसणार. जुना कसा चालेल?"

लेकीने तिला उभं केलं, जावयाने खांद्याला आधार दिला. मी आईच्या छातीभोवती गेले. या अंगाला मी ऐन भरातलं ओळखत होते. आता ते इतकं आटलं होतं की वळसा घालून आल्यावर माझं टोक कितीतरी पुढे निघून गेलं. लेक आकड्याकडे बघत राहिली, एक वजा करायचंही तिला सुचेना.

"किती?" आईने विचारलं.

"आहे तेवढंच आहे गं," लेक म्हणाली.

"खोटं बोलणारी टेप मी घेतलीच नव्हती," आई म्हणाली आणि खाली बसली.

लिहायला जवळ काही नव्हतं, म्हणून लेकीने सुईतल्या निळ्या दोऱ्याचा एक टाका त्या आकड्यावर माझ्याच अंगात घातला. दुखलं नाही.

पत्र हातात होतं, त्यामुळे घर मिळायला वेळ लागला नाही. लहानसं, तळमजल्यावरचं, रस्त्याकडे एक बेताची खिडकी. मालकाने पत्र पाहिलं आणि लगेच हो म्हणाला. लेक जिने धावत चढली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिडकीतून कॉलर दिसेल का?"

"कॉलर काय, काजंसुद्धा दिसतील."

"मग झालं," आई म्हणाली.

किल्ली मिळायच्या आधीच आई गेली. इतक्या काळात ती तो जिना एकदाच उतरली, आणि तेही चौघांच्या हातांवर. वळणावर जावई पुढच्यांना सांगत होता, "हळू, जरा हळू, भिंतीला लागेल." गाऊन तेव्हा कापलेलाही नव्हता.

आता आम्ही त्या नव्या घरात आहोत. मशीन खिडकीशी आहे आणि शेजारी आईची खुर्ची. निळे पडदे लावलेत. ते त्या दुसऱ्या खिडकीसाठी शिवलेले, त्यामुळे इथे जमिनीवर लोळतात. जावई एकदा म्हणाला, "कापून बेताचे करायचे का?" लेक म्हणाली, "नको हो. तिचे टाके आहेत खाली." त्याने पुन्हा विचारलं नाही. कधीकधी मशीन थांबवून ती बाहेर बघते आणि रिकाम्या खुर्चीला सांगते, "आई, त्याची कॉलर बघ, डावीकडे ओढतेय." मला तेव्हा फार भरून येतं.

मी आता म्हातारी झालेय. आकडे पुसट झालेत, लवकरच नवी टेप येईल आणि मला खिळ्यावर टांगतील. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगते. घर बघायला निघालात तर आधी बँकेत जाऊन स्वतःचं माप द्या. पोट आत ओढू नका, आणि लाजू तर मुळीच नका. आज-उद्या करू नका, कारण ज्याच्यासाठी घर घ्यायचं ते माणूस आपल्यासाठी थांबतंच असं नाही.

माप घेतलेलं गिऱ्हाईक परत जात नाही, असं माझी मालकीण आता म्हणत नाही. निळा टाका अजून माझ्या अंगात आहे. कुणाचंही माप घेताना तिचं बोट माझ्यावरून सरकत त्या टाक्यापाशी येतं आणि थांबतं. समोरची बाई श्वास रोखून उभी असते. "सोडा," माझी मालकीण तिला म्हणते, "श्वास सोडा," आणि मग बोट पुढे जातं.