सांगून निघायचं

“नाव काय?” ठकीने देवमाशाच्या सांगाड्याला विचारलं.

सांगाडा छताला तारांनी टांगलेला होता आणि संग्रहालयाच्या त्या लांबलचक दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचला होता. उत्तर येत नाही म्हटल्यावर ठकीने मान आणखी वर केली.

“वय किती? काय होतंय?”

बघायला आलेली माणसं वळून हसली. कोपऱ्यात स्टुलावर पेंगणारा पहारेकरीसुद्धा जागा झाला. “होत काही नाही गं बाळ त्याला,” तो म्हणाला, “जरा रोडावलाय, एवढंच.”

सगळ्यांत मोठ्याने हसले ते ठकीचे बाबा. मावशीही हसली, पण जरा ओशाळून. तिकडे, आपल्या गावच्या दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीत बसून एकोणीस वर्षं ती हेच तीन प्रश्न विचारत आली होती. शनिवारी शेजारीण नसली की ठकीला बरोबर न्यावं लागे. ती टेबलाखाली बसून ऐकायची, आणि घरी आल्यावर उशा, चपला, पाल, जे सापडेल त्याचा केसपेपर काढायची.

“अक्का, तुमची नोकरी चालवणार ही,” बाबा म्हणाले.

“नको बाई. हिने पूल बांधावेत तुमच्यासारखे.”

मावशीच्या माहेरी सगळे ठकीच्या बाबांना जावईबापू म्हणत. मावशीची धाकटी बहीण, म्हणजे ठकीची आई, जाऊन तीन वर्षं झाली, तरी मावशीच्या तोंडातलं जावईबापू काही सुटलं नव्हतं. लेक नाही राहिली आणि जावई राहिला. आता तर त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. मावशीनेच दोनदा पत्र लिहून सुचवलं होतं. इतकी वर्षं पुलांच्या कामावर आज इथे तर उद्या तिथे, तंबूत राहणारा माणूस लहान पोर कसं सांभाळणार? म्हणून ठकी मावशीकडे. आता कारखान्यात कायमची जागा मिळाली होती, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या, सोमवारपासून ठकीची शाळा ठरली होती. मावशी तिला पोचवायला आली होती. हे ठकी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

“चार दिवस नुसतं हिंडू,” जावईबापूंनी आल्या आल्या सांगितलं होतं. “गाव ओळखीचं झालं की पोर रुळेल.” त्यांनी रजा काढली होती आणि कागदावर पेन्सिलीने आखणी केली होती. पहिला दिवस तळं, दुसरा संग्रहालय, तिसरा टेकडी, चौथा बाग. कामावर आखतात तशीच.

पहिल्या दिवशी तळ्याकाठच्या पुलावर उभं राहून त्यांनी लेकीला सांगितलं, “याला सहा खांब आहेत.”

“मग?” ठकी म्हणाली.

“मग... पूल पडत नाही.”

“आणि पाच असले तर?”

जावईबापू खरोखरच विचारात पडले. घरी येईपर्यंत त्यांचं उत्तर चालू होतं, आणि ठकी कधीच त्यांच्या खांद्यावर झोपून गेली होती. मावशी मागून बघत होती. त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच वाईटही वाटलं.

ठकीची नवी आई दोन पावलं मागून चालायची. पाण्याची बाटली, टोपी, जादा फ्रॉक, सगळं तिच्या पिशवीत. बोलणं कमी. ठकी तिला काहीच म्हणत नसे. हवं असलं की नुसती बाही ओढायची. संग्रहालयातून परतल्यावर मावशी भांडी पुसत होती, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

“अक्का, दूध कोमट लागतं का गार?”

“कोमट. वर साय आली तर थुंकते.”

“अंधाराला भिते?”

“अंधाराला नाही. बंद दाराला. न्हाणीघराचं दारसुद्धा मी लोटूनच घेते, कडी नाही लावत.”

नव्या आईने एक ताट पुसायला घेतलं. मग हळूच म्हणाली, “झोपताना तुमच्या कानाची पाळी धरते ना, बघितलं मी. माझी धरेल का हो?”

मावशीच्या ओठांवर आलं होतं, तुझ्या कानातलं टोचेल तिला. तेवढं कडू बोलणं तिने गिळलं. “कानातलं काढून ठेवत जा,” ती म्हणाली. बाईने तिथल्या तिथे दोन्ही कानांतलं काढलं आणि फडताळावर ठेवलं. अशा बाईचा राग तरी कसा करायचा? राग करायला कुणीतरी वाईट लागतं. इथे सगळीच माणसं चांगली होती, आणि तिचे हात बांधले गेले होते ते त्यामुळेच.

तिसऱ्या दिवशी टेकडीवर मोठी दुर्बीण होती. ठकीला उचलून धरत मावशीने ठरवलं, आता सांगायचं. इथे माणसं कमी आहेत, वारा आहे, रडली तरी कुणी बघणार नाही.

“आपलं घर दिसतं का गं?” दुर्बिणीला डोळा लावून ठकीने विचारलं.

“ते बघ, पिवळी इमारत. दुसरा मजला.”

“ते बाबांचं. आपलं कुठाय?”

“आपलं लांब आहे. ठके, ऐक. तुला आता शाळा...”

“मावशी! एक माणूस गच्चीवर दात घासतोय! दुपारी!”

ती इतकी खदखदून हसली की मावशीच्या हातातून निसटायला आली. मग बाबांना बघायचं होतं, मग नव्या आईला. तो दात घासणारा माणूस आळीपाळीने सगळ्यांनी पाहिला. सांगायचं राहून गेलं.

त्या संध्याकाळी ठकी जिन्यात शेजारच्या मुलीशी खेळत असताना जावईबापूंनी विषय काढला.

“उद्या बागेत छोटी आगगाडी आहे, अक्का. तीन फेऱ्या मारते. पलीकडे झाडी आहे, तिथे गेली की फाटक दिसत नाही. दुसऱ्या फेरीला तुम्ही निघायचं. तुमची पिशवी मी सकाळीच स्टँडवर ठेवून येतो. पाचची बस आरामात मिळेल.”

“न सांगता?”

“मुलांना सांगून निघायचं नसतं, अक्का. डोळा चुकवावा. दोन दिवस शोधतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. सांगितलं तर आकांत करील. माझ्याच्याने नाही बघवायचं ते.”

“मागच्या वेळी आपण डोळाच चुकवला होता, जावईबापू.”

मागच्या वेळी ठकी दोन वर्षांची होती. तिच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि पोर सोडेना. तेव्हा मावशीनेच तिला कडेवर घेऊन परसात नेलं, कुत्रीला झालेली पिल्लं दाखवायला. पाच पिल्लं होती. पाचवं दाखवून होईतो पुढच्या दारातून रिक्षा निघून गेली. आई परत आलीच नाही. पिल्लं मोठी होऊन गावभर पांगली, तरी ठकी कित्येक महिने परसातल्या त्या रिकाम्या पोत्यापाशी जाऊन उभी राहायची. आई तिथेच कुठेतरी हरवली असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तेव्हापासून मावशी कधी न सांगता उंबऱ्याबाहेर गेली नाही. भाजी आणायची असो की कामावर जायचं असो, ठकीसमोर उकिडवं बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि सांगायचं, मी निघाले. सुरुवातीला ठकी जमिनीवर लोळण घेई. मग नुसतं मुसमुसे. मग एके दिवशी तिने मान डोलावली. एवढं व्हायला वर्ष लागलं होतं.

“मी सांगूनच निघेन,” मावशी म्हणाली.

“रडली तर?”

“रडू दे. पण शोधायला नको.”

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “अक्का म्हणतात तसं होऊ दे.”

चौथ्या दिवशी बागेत ही गर्दी. आगगाडीपाशी रांग लागली होती. हिरवं इंजिन, चार डबे, आणि शिट्टी अशी की मोठ्या गाडीने लाजावं. मावशीने रात्रभर शब्द जुळवले होते. तू आता बाबांकडे राहायचंस. मी दर आठवड्याला पत्र पाठवीन, बाबा वाचून दाखवतील. मोठ्या सुट्टीत मी येईन. मी तुला सोडून नाही गेले, मला नोकरीवर जायचंय. चार वाक्यं होती. केसपेपर लिहिताना इतका विचार तिने कधी केला नव्हता.

रांग पुढे सरकली. आता नाही तर कधीच नाही. ती ठकीसमोर उकिडवी बसली.

“ठके, मी निघाले.”

ठकीने तिच्याकडे पाहिलं. मग इंजिनाकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

“कामावर?”

“हो, कामावर. पण ऐक, आता तू...”

इंजिनाने शिट्टी फुंकली. “चला, चला, बसून घ्या!” तिकिटवाला ओरडला. मागच्या माणसाने पोराला पुढे रेटलं, त्याचा गुडघा मावशीच्या पाठीत लागला. ठकीने मात्र जागा सोडली नाही. शिस्तीने उभी राहिली, रोज दारात राहायची तशी. तिचं रोजचं एक विचारणं अजून व्हायचं होतं.

“संध्याकाळी येशील ना?”

चारही वाक्यं मावशीच्या तोंडाशी होती. समोर ते दोन डोळे होते, जराही न घाबरलेले. त्या डोळ्यांतली भीती घालवायला तिनेच तीन वर्षं खर्च केली होती.

“हो,” मावशी म्हणाली.

“बरं. लवकर ये.”

एवढं बोलून ठकी वळली आणि नव्या आईची बाही ओढत डब्यात चढली. खिडकीची जागा मिळाली म्हणून तिने टाळ्या वाजवल्या. गाडी हलली. “मावशी, अच्छा!” ती ओरडली आणि हात हलवत झाडीआड गेली.

जावईबापू आ वासून बघत होते. “अहो, हसतेय की! आणि मी मूर्ख, डोळा चुकवा म्हणत होतो.” त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. फाटकापर्यंत ते तिच्याबरोबर आले. “अक्का, काय सांगितलंत हो तुम्ही तिला?”

“रोज सांगते तेच.”

“मानलं तुम्हाला.”

यांना आता खरं सांगावं का? सांगितलं तर ते तिला परत नेतील, गाडी थांबवतील, आणि मग तो आकांत. न सांगितलं तर दिवेलागणीला ठकी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसेल, तिकडे गावी मावशीची वाट बघत बसायची तशी. मावशीने तोंड उघडलं. मागे शिट्टी झाली. पहिली फेरी संपत आली होती, आणि गाडी झाडीतून बाहेर येताना लेकीला कुणीतरी दिसायला हवं होतं.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “ती बघत असेल. दार... दार लोटूनच ठेवा हं आज. कडी नको.”

“बरं, बरं,” म्हणत ते धावतच परत गेले.

बस वेळेवर सुटली. मावशीला पश्चिमेची खिडकी मिळाली. गाव मागे पडलं, मोकळं रान लागलं आणि कलतं ऊन सरळ तोंडावर येऊ लागलं. शेजारच्या बाईने दोनदा चुळबुळ केली.

“पडदा ओढता का हो? डोळ्यांत जातंय ऊन.”

“राहू द्या थोडा वेळ.”

“अहो, तुमच्या डोळ्यांतून पाणी गळतंय.”

“गळू द्या.”

बाईने तोंड फिरवून मानेवर रुमाल टाकला. मावशी सूर्याकडे बघत राहिली. तो अजून चांगला हातभर वर होता. तो वर होता तोवर संध्याकाळ झालेली नव्हती, आणि संध्याकाळ झाली नव्हती तोवर तिने पोरीला फसवलेलं नव्हतं. एका झाडापाशी तो अडला, पुन्हा सुटला. मग बसने वळण घेतलं, डोंगर आडवा आला, आणि ड्रायव्हरने आतले दिवे लावले.