गावाखालची खिडकी

संग्रहालयाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे म्हाताऱ्या चित्रकाराला रोज चहाच्या घोटागणिक आठवे. मग तो ब्रशांची बरणी त्या पत्रावर आणखी थोडी सरकवी.

पत्र चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंचं होतं. त्याच्या पहिल्या अमूर्त गावाच्या चित्राचा रंग पोपडे धरून सुटत होता. खाली जुनं चित्र होतं. वरचा थर कायमचा चिकटवायचा, की उचलून खालचं मोकळं करायचं? दोन्ही चित्रं वाचणार नव्हती. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही, तर समिती ठरवणार होती. सोबत खालच्या चित्राचा क्ष-किरण फोटो होता.

फोटोचं पाकीट त्याने फोडलंच नव्हतं. खाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं: साधी गल्ली, खिडकीत थोरली बहीण, ताई. तरुणपणी एका संध्याकाळी त्याने त्या सगळ्यावरून सुरीने रंग ओढला; घरांचे ठोकळे झाले, रस्त्यांचे पट्टे झाले. मग जन्मभर तशीच गावं. आता खालचंच सरस निघालं तर? सगळा जन्म पाण्यात.

"हे काय दडवलंयस रे?" टेबल पुसताना ताईने बरणी उचललीच. उभ्याउभ्या पत्र वाचलं. "म्हणजे मी अजून आहे तिथे! पाय सुजेपर्यंत उभं केलंस, आणि वर तोंडाला रंग फासलास."

"ताई, ते पाकीट नको फोडूस."

तिने फोडलं. निकाल लागायच्या वेळी पोरं मास्तरांकडे बघतात तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

"नाक आईचं काढलंयस."

"चित्र कसं आहे?"

"मला काय कळतंय? तूच बघ."

त्याने पाहिलं. घरं भित्री, पट्टी लावून काढल्यासारखी. ताई मात्र जिवंत. चौकटीला खांदा टेकलेला, सगळा भार एका पायावर.  इतकं चांगलं त्याने पुन्हा कधी काढलं होतं?

ताई चित्राच्या घोडीवरच्या अर्धवट गावासमोर जाऊन उभी राहिली.

"हा पिवळा ठोकळा असा का रेललाय?"

"रेलतोच तो. प्रत्येक गावात. समीक्षक त्याला पडकं घर म्हणतात."

"पडकं कसलं? पाय सुजलेत त्याचे."

तो फोटोकडे बघे, मग ठोकळ्याकडे. तोच खांदा. तोच कल.  शेवटी खाली बसून त्याने दोन ओळी लिहिल्या: 'वरचा थर चिकटवा. खालची बाई केव्हाच वर आली आहे.'

आज पत्र टपालात पडलं नाही तर उत्तर वेळेत पोचणार नव्हतं. टपालपेटीच्या फटीशी त्याचा हात थांबला.

"चुकलं तर, ताई? खालची तू खरंच छान आहेस."

"मी इथे आहे. सोड ते."

त्याने सोडलं. मग दोघांनीही उगाचच फटीतून आत डोकावून पाहिलं. फोटो ताईच्या पर्समध्ये होता.