देवीचा डोळा आणि कातळावरची सावली

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला कातळकोंडच्या देवळापुढचा मांडव माणसांनी फुलून गेला होता. लांज्याहून दोन टेम्पो भरून भाविक आले होते. मधोमध पाटावर सत्तरीचे सदूआबा बसले होते. त्यांच्या डोळ्यांवर भगव्या कापडात शिवलेली, रुद्राक्षांच्या माळेनं सजवलेली जाडजूड पट्टी बांधलेली होती. आबांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. मग ते खाली वाकून बघायला लागले आणि त्यांनी दोन्ही पाय जमिनीवरून हळूच उचलून घेतले.

"माझं घर दिसतंय," आबा पुटपुटले. "कौलं दिसतायत. परसातला फणस दिसतोय. मी वर हाय."

मांडवातल्या दोनशे माणसांनी हात जोडले.

नभोनाथ महाराज व्याघ्रासनावर बसून गालात हसत होते. आसनाचं कातडं प्लास्टिकचं होतं, पण आवाज मात्र अस्सल तुपातला होता. "देह म्हणजे गाठोडं, आबा. गाठोडं इथं ठेवलंत, आत्मा वर गेला. देवीच्या डोळ्यात मी तुम्हाला बसवलंय. वर बघा, दोरी आहे? खाली बघा, पंख आहेत? नाहीत ना? मग कशावर उडताय?"

"भक्तीवर," मांडवातून उत्तर आलं. हे उत्तर लोकांना आता पाठ झालं होतं.

मांडवाबाहेर जांभळाखाली दमयंती एकटी उभी होती. तिच्याभोवती दहा हात जागा मोकळी होती. तीन आठवडे ती कुठंही उभी राहिली तरी तेवढी जागा मोकळी होत होती.

दमयंती गावची आशा सेविका. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, रक्तदाब बघायचा, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, वेळेला गाडी बोलवायची. तिचा नवरा संदेश मुंबईत एका गोदामात कामाला होता. मूलबाळ नव्हतं. सोबतीला बंड्या नावाचा कुत्रा होता, तो दीड महिन्यापूर्वी फुरसं हा विषारी साप चावून मेला. पहाटे अंगणात तो निपचित पडलेला पाहून तिनं आपल्या जुन्या लाल लुगड्यात त्याला गुंडाळलं, वर मूठभर हळद टाकली आणि उन्हं वर आल्यावर घरामागं कातळाच्या कडेला, जिथं थोडी माती होती, तिथं पुरलं. कुणाला सांगितलं नाही. कुत्र्यासाठी रडले असं सांगायची तिला लाज वाटली.

त्याच सुमाराला महाराज गावात आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गावचे गावकर, म्हणजे प्रमुख, भिकाजी यांच्या गरोदर सुनेला, ज्ञानेश्वरीला, अंगारा दिला आणि डॉक्टरी गोळ्या बंद करायला सांगितलं. दमयंती भिकाजींच्या ओटीवर जाऊन म्हणाली, "अंगारा कपाळाला लावा, काका. पोटात गोळीच गेली पाहिजे. तिचा रक्तदाब वाढतोय."

हे महाराजांच्या कानावर गेलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मांडवात त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "देवीला दिसतंय. गावाच्या कडेच्या घरामागं एका बाईनं लाल वस्त्रात काहीतरी पुरलंय. करणी आहे. एका गर्भावर केलीय."

लोक टिकाव घेऊन गेले आणि त्यांनी खणलं. लाल लुगडं निघालं, हळद निघाली, अर्धवट कुजलेला सांगाडा निघाला.

"स्वतःचा कुत्रा बळी दिला हिनं," कुणीतरी म्हणालं.

भिकाजींनी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं. "तू पुरलंस?"

"पुरलं. पण काका, त्याला फुरसं..."

"पुरलंस ना? मग झालं."

खरं बोलण्यानंच तिच्या गळ्यात फास पडला होता. नाही म्हणावं तर खोटं, होय म्हणावं तर करणी. त्या दिवसापासून गावानं तिला वाळीत टाकलं. विहिरीवर ती आली की बायका कळशा उचलून निघून जायच्या. दुकानदार तिच्याकडे न बघता म्हणायचा, साखर संपली. ज्ञानेश्वरीच्या पायांना सूज आली होती, ती करणीचीच मानली गेली आणि दमयंतीला त्या घराची पायरी बंद झाली. नोंदवहीत ज्ञानेश्वरीच्या नावापुढची तीन आठवड्यांचे रकाने कोरे राहिले.

सगळ्यांत वाईट म्हणजे तिला आभाळाची भीती वाटायला लागली. कपडे वाळत घालायला बाहेर पडली की मानेवर काहीतरी बसल्यासारखं व्हायचं. ती पडवीतच कपडे वाळत घालू लागली. न्हाणीघराला वरून छप्पर नव्हतं, तिथं तिनं पत्रा टाकला. संदेशला फोन केला तर तो म्हणाला, "कबूल कर आणि माफी माग. गावाशी वैर धरून आपण राहणार कुठं?" घरात छप्पर, बाहेर डोळा आणि फोनवर नवरा. कुठूनच वाट नव्हती.

आज महाराजांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"ये बाई," ते म्हणाले. "देवी दयाळू आहे. तुझं कर्म तुझ्याच डोळ्यांनी बघ."

महाराजांचा शिष्य गुरुप्रसाद पुढं आला. तिशीचा, अबोल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. रोज सकाळी देवळात नगारा वाजायला लागला की तो पिशवी घेऊन सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, ध्यानाला जायचा. त्यानं तिच्या डोळ्यांवर पट्टी चढवली, कानांवर गाद्या बसवल्या. कानात शंख घुमायला लागला.

आणि दमयंती आभाळात होती. पायाखाली काही नव्हतं. मान वळवली तिकडं दूरवर डोंगर, वर स्वच्छ निळं, खाली काळाकरडा कातळाचा सडा. ना दोरी, ना पंख. सडा मागं सरकला आणि तिचं घर आलं. घरामागं एक बाई खाली बसली होती. तिनं लाल बोचकं उराशी धरलं होतं. ती ते खड्ड्यात ठेवत होती, पुन्हा उचलत होती, पुन्हा ठेवत होती.

ती स्वतःच होती.

दमयंतीनं हात पुढं केला. त्या बाईच्या पाठीवरून फिरवावा असं तिला वाटलं. हात हवेतच राहिला आणि ती पाटावरून कलंडली.

"सत्य सोसत नाही," महाराज लोकांना म्हणाले. "काय दिसलं, सांग."

"मीच दिसले," ती म्हणाली.

भिकाजी उठले. साठीचा, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. "पुढच्या रविवारपर्यंत गाव सोड, दमयंती. माझ्या घरात पहिलं नातवंड यायचंय."

दोन दिवस ती अंगणाकडे फिरकली नाही. देवी खरंच बघते आणि आपल्याच हातून काहीतरी पाप झालं असेल, असंही तिला वाटून गेलं. इतके दिवस दुसऱ्यांना समजावणारी बाई आता स्वतःला काय समजवावं या विचारात पडली होती.

मंगळवारी दुपारी ती पडवीत बसली होती. अंगणात ऊन पसरलं होतं. एक घार घरावरून गेली आणि तिची सावली अंगणातून सरकत कुंपणापार झाली.

दमयंती उठून उभी राहिली.

कातळावर सावली होती. पट्टीत बघताना तिनं खाली पाहिलं तेव्हा सड्यावरून एक छोटीशी सावली तिच्याबरोबर धावत होती. घारीसारखी नव्हती. बेडकानं चारी पाय पसरावेत तशी. तेव्हा तिचं लक्ष घराकडे लागलं होतं, पण डोळ्यांनी ती टिपली होती.

ज्याला सावली पडते ते उन्हात असतं. आणि जे उन्हात असतं, ते काहीतरी असतं.

तिनं चपला घातल्या आणि एसटी पकडून लांजा गाठलं. बाजारपेठेत दीपाली नावाच्या मुलीचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं टिपायला ती ड्रोन उडवते हे दमयंतीला ठाऊक होतं. तिनं सगळं सांगितलं. दीपालीनं मधे एकदाच विचारलं, "मान वळवली की दृश्य वळायचं? पार पायाखालीसुद्धा?"

"हो."

दीपालीनं कपाटातून एक पेटी काढली. आत ओंजळीत मावेल एवढं चार पंख्यांचं यंत्र होतं. "नवीन आलंय, वहिनी. नेहमीच्या ड्रोनला एक कॅमेरा असतो, समोर बघणारा. याला दोन आहेत. एक पाठीवर, एक पोटाला. वरचा सगळं आभाळ बघतो, खालचा सगळी जमीन. दोन्ही चित्रं आतल्या आत शिवून एक गोळा तयार होतो. यंत्र स्वतः बरोब्बर शिवणीत येतं, म्हणून चित्रात ते दिसतच नाही. हा चष्मा घातला की आपण त्या गोळ्याच्या मधोमध बसतो. मान वळवाल तो भाग चष्मा दाखवतो."

तिनं चष्मा दमयंतीला लावला. यावेळी कानात शंख नव्हता; दीपालीनं आधी टिपून ठेवलेलं एक लग्न चष्म्यात लावलं होतं. खाली आरे-वारेचा समुद्र होता, वाळूत नवरा-नवरी हात धरून चालले होते. दमयंतीनं खाली बघितलं. वाळूवरून तीच चार पायांची सावली चालली होती.

ती चष्म्याच्या आत रडायला लागली. दीपाली तिच्याजवळ येऊन बसली.

"काचा पुसून देते," दमयंती नंतर म्हणाली.

"राहू दे. वहिनी, वाळीत टाकणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. करणीचा आळ घेणंसुद्धा. आपण आजच पोलिसात लिहून देऊ. रविवारी मी येते. तुमच्या गावावरून फिरवून प्रत्येकाला त्याचं घर दाखवू का?"

"नको," दमयंती म्हणाली. "कुणाच्या परसात विचारल्याशिवाय डोकवायचं नाही. देवळापुढंच उडव, सगळ्यांच्या देखत."

त्याच दुपारी दोघींनी ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली.

रविवारी दमयंती गाव सोडायची पिशवी न भरताच मांडवात आली. बरोबर दीपाली होती आणि मागं लांज्याचे दोन पोलीस. महाराजांनी पोलिसांकडे पाहून आवाज अजून गोड केला. "सगळे देवीचेच."

"महाराज, एक विचारायचंय," दमयंती म्हणाली. "आत्म्याला सावली पडते का?"

"आत्मा म्हणजे प्रकाश. प्रकाशाला सावली कुठली?"

"हे सगळ्यांनी ऐकलंत ना?"

दीपालीनं यंत्र जमिनीवर ठेवलं. गुणगुण करत ते उठलं आणि मांडवापुढं दोन माड उंचीवर थांबलं. तिनं चष्मा भिकाजींपुढं धरला. "काका, तुम्ही बघा. आता जे चाललंय तेच दिसेल."

भिकाजींनी चष्मा घातला. बराच वेळ ते मान फिरवत राहिले. "देऊळ दिसतंय. माणसं दिसतायत. तो डोळ्याला डबा लावून उभाय... तो मीच."

"वर यंत्र दिसतं का?"

"नाय. काय पण नाय."

"आता खाली बघा. देवळासमोर, जमिनीवर."

भिकाजींनी मान खाली वळवली. "सावली हाय," ते हळू म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, उघड्या डोळ्यांनी जमिनीकडे पाहिलं, मग वर यंत्राकडे. सावली तीच होती.

सदूआबा पुढं आले. "मी बघितलेली ती, गेल्या रविवारी. मला वाटलं गरुड."

महाराज उभे राहिले. "ही नक्कल आहे. नकली नाणं निघालं म्हणून अस्सल खोटं ठरत नाही."

"मग एकच सांगा," दमयंती म्हणाली. "माझ्या घरात, छपराखाली, चुलीपुढं मी आत्ता काय ठेवून आलेय?"

"देवी मर्यादा पाळते. ती कुणाच्या छपराखाली बघत नाही."

मांडवाच्या कोपऱ्यात एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. "बरं हाय," एक म्हातारी म्हणाली, "देवीला कौलांचं वावडं."

दीपाली गुरुप्रसादकडे वळली. "दादा, सकाळी नगारा वाजत असताना तुम्ही सड्यावर ध्यानाला जाता ना? ध्यानाची पिशवी दाखवाल?"

गुरुप्रसादनं महाराजांकडे पाहिलं. मग त्यानं खांद्यावरची पिशवी स्वतःच काढून पोलिसांपुढं ठेवली. आत तसंच यंत्र होतं आणि चार बॅटऱ्या. "मी शूटिंगची कामं करायचो," तो म्हणाला. "यांनी ठेवून घेतलं. यंत्राचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून हे नगारा वाजवायला लावायचे. यांच्या धाकानं सोडून जाता येत नव्हतं. ताई, तुमचं ते चित्र मीच घेतलं. तुम्ही त्या कुत्र्याला तीनदा परत उचललंत. ती करणी नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" भिकाजींनी विचारलं.

"तुम्ही तरी मला कुठं बोलू दिलंत?" दमयंती म्हणाली.

पोलीस महाराजांना चौकशीसाठी ठाण्यात नेत होते तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ज्ञानेश्वरी उठली. आठवा महिना, पाय सुजलेले. सासऱ्यांना काही न विचारता ती दमयंतीच्या त्या दहा हात मोकळ्या जागेत आली, जमिनीवर बसली आणि तिनं हात पुढं केला.

"डोकं लई दुखतंय, वहिनी. दोन दिवस डोळ्यांपुढं अंधारी येतेय."

दमयंतीनं खांद्यावरच्या कामाच्या झोळीतून रक्तदाब मोजायचा पट्टा काढून बांधला, फुगवला, आकडा बघितला. पुन्हा एकदा बघितला. "गाडी बोलवा. आत्ता."

भिकाजी स्वतः फोन करायला धावले. ज्ञानेश्वरीला लांज्याहून पुढं रत्नागिरीला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक दिवस उशीर झाला असता तर दोघांपैकी कुणाचीच खात्री देता आली नसती. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. वजनानं थोडी कमी, पण रडायला खणखणीत.

पुढच्या गावबैठकीत भिकाजी हात जोडून उभे राहिले. वाळीत टाकल्याचा निर्णय मागं घेतल्याचं त्यांनी लेखी दिलं. "माफ कर, बाय," ते म्हणाले.

आभाळाखाली मोकळं चालायला दमयंतीला अजून जमत नव्हतं. येतानाही ती कडेकडेनं, झाडांखालून आली होती.

"माफी मागून माझे ते दिवस परत येणार नाहीत, काका," ती म्हणाली. "पण पुढं कुणी आलं आणि त्यानं काही अजब दाखवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे कशानं दिसतं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि तो एखाद्या माणसाकडे बोट दाखवून 'ही वाईट' म्हणाला, तर त्या माणसाचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. मला फुरसं म्हणेपर्यंतसुद्धा कुणी बोलू दिलं नव्हतं."

सदूआबा सरकले आणि त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं झाडून तिला बसायला करून दिली.